जीभ दाखवा पाहू! : वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरं

गेल्या महिनाभरात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीचशी पत्रं जिभेबद्दलची आहेत. कुणाची काळी पडली, कुणाची पांढरीच राहते, कुणाची गुळगुळीत होऊन झोंबते. उत्तरं वाचण्याआधी एक काम करा. सकाळी ब्रश करण्यापूर्वी, चहाही घेण्यापूर्वी, आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून जीभ पूर्ण बाहेर काढा. आधी वरून पाहा. मग गॉजच्या तुकड्यात जिभेचं टोक धरून ती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढा आणि दोन्ही कडा नीट पाहा. टोक टाळूला लावून खालची बाजूही पाहा. जिथे रंग वेगळा वाटेल तिथे ओल्या गॉजने अलगद पुसा. रंग निघाला तर तो वरून बसलेला आहे. मग त्याच्याखाली काय दिसतं ते बघा. निघाला नाही तर जीभच बदललेली आहे, आणि त्याचं कारण शोधावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

प्रश्न : दाढेत पू झाला म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स केला, सोबत दिलेल्या माउथवॉशने गुळण्याही केल्या. बाटली संपली तशी दुसरी आणली. आता तीन आठवडे होतील. जिभेचा मागचा भाग काळपट-तपकिरी झालाय आणि त्यावर चक्क केस उगवल्यासारखे दिसतात. रात्रपाळी असल्यामुळे सात-आठ कप चहा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसलं की जातं असं वाचलं. पुसू का?
— वाचक, ऐरोली

पेरॉक्साइड लावू नका. औषधाच्या दुकानात मिळतं ते जखमा धुण्याचं द्रावण असतं. न मोजता, न पातळ करता जिभेवर चोळलं तर साल निघते आणि दोन-तीन दिवस काही खाता येत नाही. त्याची गरजही नाही.

तुम्ही लिहिता त्यावरून ही ‘काळी केसाळ जीभ’ दिसते. नाव ऐकून धडकी भरते, पण प्रकार निरुपद्रवी आहे आणि ते केस नाहीत. जिभेच्या पाठीवर मखमलीसारखी जी लव दिसते ती सुतासारख्या बारीक अंकुरांची असते. एकेक अंकुर साधारण 1 मिलिमीटर उंच. त्याच्या टोकावर केराटिनचा, म्हणजे नखं ज्याची बनतात त्याच द्रव्याचा, थर तयार होत राहतो आणि भाकरी, काकडी, गाजर चावताना तो घासून झडतो. झडणं थांबलं की अंकुर लांबतात. 3 मिलिमीटरच्या वर गेले की ते केसांसारखे दिसायला लागतात. दाढ दुखत होती तेव्हा तुम्ही खिचडी, दूध-ब्रेड, मऊ भात यांवर होता का आठवून पाहा. त्या दिवसांत जीभ घासणंही बहुधा सुटलं असेल.

लांबलेल्या लवेत सगळं अडकतं. अँटिबायोटिकने तोंडातले नेहमीचे जिवाणू कमी झाले आणि त्यांची जागा रंगद्रव्य तयार करणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंनी घेतली. त्यावर चहातलं टॅनिन बसलं. आणि तुमचं माउथवॉश क्लोरहेक्झिडिनचं असेल (बाटलीवर 0.2 टक्के असं लिहिलेलं असतं) तर तेही कारणीभूत आहे. हे औषध जंतूंवर चांगलं काम करतं कारण ते दातांना आणि जिभेला चिकटून राहतं. पण चिकटल्यावर ते चहा-कॉफीचा रंगही धरून ठेवतं. म्हणूनच ते ठरावीक दिवसांसाठी देतात, बहुतेक वेळा दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. दुसरी बाटली तुम्ही स्वतःहून आणली, तिथे गाडी घसरली. दंतवैद्यांना फोन करून ते बंद करायचं का हे आजच विचारा. यापुढे कधी ते घ्यायची वेळ आली तर 10 मिलिलिटर मोजून, एक मिनिट तोंडात खुळखुळवून थुंका. टूथपेस्ट आणि माउथवॉश यांत किमान अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधला फेस आणणारा पदार्थ त्याचा परिणाम मारतो. आणि चहा पिऊन झाल्यावर ते घ्या, ते घेतल्यावर लगेच चहा नको.

आता जिभेचं. सकाळी आणि झोपण्यापूर्वी टंग क्लीनर मागून पुढे ओढा, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी धुऊन. काळा भाग फार मागे असेल तर मऊ ब्रश ओला करून त्याने पाच-सहा हलके फटके द्या आणि मगच क्लीनर ओढा. पहिल्या दिवशीच सगळं निघावं म्हणून जोर लावू नका. लव जशी हळूहळू लांबली तशी हळूहळूच उतरते. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत फरक दिसतो. चहा निम्म्यावर आणा, मधल्या वेळी पाणी प्या, जेवणात कच्ची काकडी, गाजर, पेरू, भाकरी असं घासणारं काहीतरी असू द्या. सिगारेट ओढत असाल तर ती सुटेपर्यंत लव परत परत काळी होईल. अंकुर नखाने किंवा कात्रीने काढायला जाऊ नका. पुन्हा कधी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर जीभ काळी पडेल या भीतीने तो कोर्स अर्धवट सोडू नका.

महिनाभर हे सगळं करूनही रंग तसाच असेल, किंवा काळेपणा लवेवर नसून एखाद्या गुळगुळीत डागासारखा असेल, तर प्रत्यक्ष दाखवा. आणखी एक: पोटाच्या काही औषधांत बिस्मथ असतो. लाळेतल्या गंधकाशी त्याचा संयोग होऊन काळा बिस्मथ सल्फाइड बनतो आणि एका रात्रीत जीभ काळी दिसते. औषध थांबलं की काही दिवसांत तो रंग आपोआप जातो.

प्रश्न : रोज सकाळी जिभेवर पांढरा थर असतो. सासूबाई म्हणतात, पोट साफ नाही. दोन वर्षं रात्री त्रिफळा चूर्ण घेते, थर तसाच. उपासाच्या दिवशी तर जास्तच, आणि तोंडाला वासही येतो.
— एक गृहिणी, नौपाडा

पोटाला दोष देऊ नका. झडलेल्या पेशी, अन्नाचे कण, जिवाणू आणि लाळ यांचा तो लगदा आहे. झोपेत लाळ खूप कमी सुटते, जीभ हलत नाही, घासत नाही, म्हणून तो रात्रीत साचतो. उपासाला चावणं कमी आणि पाणीही कमी, म्हणून त्या दिवशी जास्त. तापातही हेच होतं. नाक चोंदल्यामुळे तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांचा थर कोरडा आणि जाड असतो. तुमचं तसं असेल तर जिभेइतकंच नाकाकडेही पाहायला हवं.

वास येतो तो जिभेच्या मागच्या तिसऱ्या भागातून. तिथे हवा कमी पोचते, जिवाणू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. बहुतेक जण क्लीनर पुढच्या निम्म्या जिभेवरच फिरवतात, कारण मागे गेलं की उमासा येतो. त्यावर उपाय असा: जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास नाकातून हळू सोडत राहा आणि श्वास सुटत असतानाच क्लीनर टेकवून पुढे ओढा. श्वास घेताना ओढला तर हमखास उमळतं. पहिले चार दिवस जिथवर सहन होईल तिथूनच सुरुवात करा आणि रोज थोडं मागे सरका. दाब इतकाच, की क्लीनरवर पांढरा-पिवळसर लगदा यावा, गुलाबी छटा येऊ नये. गुलाबी दिसलं की तुम्ही जीभ सोलता आहात. क्रम असा ठेवा: आधी दात, मग जीभ, मग चूळ.

लिंबू-मीठ जिभेवर चोळण्याची सवय काही घरांत आहे. जिभेचं त्याने फार बिघडत नाही, पण ते आम्ल दातांच्या इनॅमलला लागतं आणि पुढे थंड पाणी झोंबायला लागतं. त्याऐवजी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या तरी पुरे. त्रिफळा बद्धकोष्ठासाठी घेत असाल तर ते वैद्यांना विचारून ठरवा. जिभेसाठी त्याची गरज नाही.

प्रश्न : वडील (वय 54) वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी काम करतात. तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरायची तीस वर्षांची सवय. जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा आलाय. दुखत नाही म्हणून डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. ब्रशने घासून काढायचा प्रयत्न करतात. तिखट मात्र झोंबायला लागलंय असं म्हणाले.
— त्यांचा मुलगा, कोपरखैरणे

हे पत्र आम्ही सगळ्यात आधी हातात घेतलं. तुमच्या वडिलांना या आठवड्यात तोंड दाखवायला घेऊन जा.

ते घासतात ते आधी थांबवा. चट्टा पुसून जात नाही याचा अर्थ तो मळ नाही, तिथली त्वचाच जाड झाली आहे. तंबाखू धरण्याच्या जागेजवळ असा न निघणारा पांढरा चट्टा आला, आणि त्याला दुसरं काही कारण सापडलं नाही, तर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो कॅन्सर नसतो, पण त्यातले काही चट्टे पुढे कॅन्सरकडे वळतात आणि ‘कुठला वळेल’ हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. जागेवरून थोडा अंदाज येतो: जिभेची कड आणि जिभेखालचा तळ या जागा जास्त धोक्याच्या. पांढऱ्यात लाल ठिपके दिसत असतील, किंवा नुसता मखमली लाल चट्टा असेल, तर धोका आणखी मोठा. दुखत नाही हे चांगलं लक्षण समजू नका. सुरुवातीला हे जवळजवळ कधीच दुखत नाही, म्हणूनच माणसं उशिरा येतात.

तिखट झोंबणं हे वेगळ्या आजाराचंही चिन्ह असू शकतं. ते सुपारीही खात होते का, विचारा. सुपारीने गालाची आतली त्वचा हळूहळू ताठ आणि पांढुरकी होते, बोट फिरवलं तर आत दोऱ्यासारखे पट्टे लागतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. घरच्या घरी बघा: त्यांचीच तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी जातात का? दोनच जात असतील तर डॉक्टरांना ते नक्की सांगा. ही ताठरता एकदा आली की पूर्ण मागे फिरत नाही. सुपारी सुटली तर पुढे वाढणं थांबण्याची आशा असते. तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 सालीच नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा ‘साधी सुपारी चालते’ ही समजूत काढून टाका. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू आणि सुपारी वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र खाल्ली तरी तोंडात जाऊन पडतं ते तेच.

तपासणीत काय होतं हे वडिलांना आधीच सांगितलंत तर भीती कमी होईल. दंतवैद्य चट्ट्याची लांबी-रुंदी मोजतात, त्याला घासणारा एखादा दाढेचा धारदार कोपरा आहे का बघतात. असेल तर तो गुळगुळीत करून दोन आठवडे थांबतात, कारण नुसत्या घासण्याने आलेला चट्टा तेवढ्यात ओसरू लागतो. चट्टा संशयास्पद दिसला तर तेवढीही वाट न बघता तुकडा तपासायला पाठवतात. त्यासाठी जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, एक-दोन टाके पडतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ हे तुम्हाला नाक्यानाक्यावर ऐकायला मिळेल. ते खरं नाही. तुकडा न तपासता घालवलेल्या महिन्यांत मात्र आजार खरोखर पसरतो. नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. तिथे तोंडाच्या विकारांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. पुढच्या उपचारांची गरज लागलीच तर टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरलाच आहे.

तंबाखू सोडण्याबद्दल. तीस वर्षांची सवय ‘उद्यापासून बंद’ म्हणून क्वचितच सुटते, आणि न सुटल्याबद्दल त्यांना घरी बोल लावून काही साधत नाही. सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे: 1800-11-2356. निकोटिन गम दिला तर तो कसा खायचा हे समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. तो च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावायचा, चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असं अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि माणूस म्हणतो ‘हे मला चालत नाही’. गम खाण्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको. चट्टा असताना आणि तोंड कमी उघडत असताना गमच द्यायचा की त्वचेवर लावायची पट्टी, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या.

प्रश्न : आई गावाकडची, ठाण्याला आमच्याकडे आली तरी सकाळी मशेरी लावतेच. म्हणते, त्याने दात घट्ट राहतात. हिरड्या आणि जीभ काळसर दिसतात.
— वाचक, कळवा

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तोंड स्वच्छ करायला ती लावली जाते, म्हणून ती तंबाखूत मोजलीच जात नाही. मोठी अडचण हीच. दात घट्ट वाटतात कारण निकोटिनने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं आणि सूज दबते. आतून हाड झिजत राहतं आणि दिसत काहीच नाही. आईंना ‘सोड’ म्हणण्याआधी हातात दुसरं काही द्या. बोटाने घासायची सवय असेल तर सुरुवातीला फ्लोराइड असलेली पेस्ट बोटावर द्या, मग मऊ ब्रश. पहिले काही दिवस हिरड्यांतून रक्त येईल. त्या म्हणतील, ‘बघ, मशेरी होती तेव्हा नव्हतं येत.’ मशेरीने दाबून ठेवलेली सूज आता दिसू लागली आहे हे समजावा आणि त्याच सुमारास दात साफ करून घ्यायला न्या. शौचालाही मशेरीशिवाय होत नाही अशी अनेकींची तक्रार असते. त्यासाठी सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढवा, नाहीतर त्याच कारणाने डबी परत बाहेर येते. काळसर हिरड्या सगळ्याच मशेरीच्या नसतात. सावळ्या वर्णात हिरड्यांवर आणि जिभेच्या टोकावरच्या ठिपक्यांवर जन्मापासूनचा रंग असतो, आणि तो जाणार नाही, जायला हवा असंही नाही. वर सांगितल्याप्रमाणे कडा आणि गालाची आतली बाजू मात्र दर महिन्याला पाहा.

प्रश्न : दोन महिन्यांच्या बाळाची जीभ पांढरी आहे. आजी मधात टाकणखाराची लाही कालवून लावायची म्हणते. लावू द्यावी का?
— नवी आई, घणसोली

नाही. दोन्ही गोष्टी नाहीत. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तान्ह्या बाळांना तो चाटवल्यामुळे झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मधामुळे बॉट्युलिझम नावाचा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवायचाच नाही, घुटीतूनही नाही. आजींच्या मायेत खोट नाही. त्यांच्या काळी हेच औषध होतं. हे कारण त्यांना सांगा, नुसतं ‘डॉक्टर नको म्हणाले’ असं सांगू नका.

आता पाहा, पांढरं कुठे आहे. फक्त जिभेवर, पातळ, आणि ओल्या मऊ फडक्याने निघतं: मग ते दूध आहे, काही करायचं नाही. गालाच्या आत, हिरड्यांवर, टाळूवरही दह्याच्या कणांसारखं आहे, पुसलं तर निघत नाही किंवा खाली लाल दिसतं, आणि बाळ दूध ओढताना मध्येच सोडून रडतं: मग ती बुरशी आहे. बालरोगतज्ज्ञ औषध देतील. ते बाळाच्या तोंडात लावायचं आणि बहुतेक वेळा तुमच्या स्तनाग्रांनाही. एकालाच लावलं तर दुसऱ्याकडून परत येते. बाटली, बूच, चोखणी रोज उकळा. डाग दिसेनासे झाले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. स्वतः दुकानातून जेल आणू नका. घट्ट जेल इतक्या लहान बाळाच्या घशात अडकू शकतं.

प्रश्न : मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन सुरू आहे. शाकाहारी आहे. जीभ लाल, गुळगुळीत झालीये, आमटीही झोंबते. टंग क्लीनरने घासलं की जास्तच आग. पायांना मुंग्याही येतात.
— निवृत्त शिक्षिका, घोडबंदर रोड

क्लीनर बंद करा. तुमच्या जिभेवर काढण्यासारखं काही नाही. वर सांगितलेली लव झडून गेली आहे, म्हणून ती चकचकीत लाल दिसते. बी-12 किंवा लोह कमी पडलं की असं होतं. शाकाहारात बी-12 जवळजवळ फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं, आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की ते शोषलंही कमी जातं. रक्ताची संपूर्ण तपासणी, बी-12 आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. नुसतं फॉलिक ॲसिड स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्याने रक्ताचं चित्र सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी मागे चालूच राहते. पायांच्या मुंग्या मधुमेहाने असतील की बी-12 मुळे, हे याच तपासणीतून उलगडेल. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून थांबवू नका.

साखर वाढलेली असेल तर बुरशीनेही जीभ लाल होऊन झोंबते, तेव्हा सोबत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) सुद्धा पाहा. तोवर जेवण मवाळ ठेवा. थंड ताक चालेल. फार पुदिना असलेली झोंबरी पेस्ट बदला.

प्रश्न : दम्याचा पंप घेतो. जिभेवर आणि टाळूवर पांढरे कण येतात, पुसले की खाली लाल दिसतं.
— वाचक, वागळे इस्टेट

पंपातलं स्टिरॉइड घशात बसतं आणि तिथे बुरशी वाढते. पंप सोडू नका. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी) लावून घ्या, घेतल्यावर लगेच खळखळून चूळ भरा, गुळणी करा आणि ते पाणी थुंका. सकाळचा पंप ब्रश करण्याआधी घेतलात तर हे आपोआप जमतं. आत्ता आलेल्या बुरशीला औषध लागेल. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर ते आधी सांगा, कारण बुरशीवरचं मायकोनॅझोलचं जेल त्याच्याशी जुळत नाही.

कवळी लावणाऱ्यांनाही हेच लागू: रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, मऊ ब्रश आणि साबणाने धुवा. टूथपेस्टने तिच्यावर ओरखडे पडतात, गरम पाण्याने ती वाकते. कवळीखालची टाळू लाल असेल तर बुरशीचं औषध टाळूला आणि कवळीला, दोन्हीला.

प्रश्न : मुलीच्या (वय 6) जिभेवर नकाशासारखे लाल डाग दिसतात, कडेला पांढरी रेघ. चार दिवसांनी जागा बदलतात.
— वाचक, खारघर

‘नकाशा जीभ’ असंच म्हणतात त्याला. निरुपद्रवी, संसर्गजन्य नाही, औषध नाही. आंबट-तिखट झोंबलं तर त्या दिवसांत टाळा. जागा बदलणं हीच त्याची खूण. एकाच जागी महिनाभर बसलेला डाग असेल तर दाखवा. पाच दिवसांहून जास्त ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ आणि स्ट्रॉबेरीसारखी लाल ठिपक्यांची जीभ असं एकत्र दिसलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचं.

प्रश्न : जिभेच्या अगदी मागे मोठ्या फोडांची रांग दिसली. दोन रात्री झोप नाही.
— वाचक, नेरूळ

मोजा. आठ ते बारा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रांगेत, दोन्ही बाजूंना सारखे: मग ते चवीचे मोठे अंकुर आहेत, सगळ्यांनाच असतात. तुम्ही ते पहिल्यांदा पाहिलेत इतकंच. एकाच बाजूला असलेली, कडक लागणारी किंवा रक्त येणारी गाठ असेल तर दाखवा. तोंडातला कुठलाही फोड किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तरी दाखवा.

प्रश्न : जांभळं खाऊन निळी झालेली जीभ किती दिवस राहते?
— एक आई, कोपरी

दिवस नाही, संध्याकाळपर्यंत. जांभळं, काळी द्राक्षं, रंगीत गोळा न खाता जीभ आणि ओठ निळे पडले, धाप लागली, तर तो ऑक्सिजन कमी पडल्याचा इशारा असतो. क्लिनिक शोधत बसू नका, 108 ला फोन करा. म्हाताऱ्या माणसांच्या जिभेखाली दिसणाऱ्या निळ्या गाठाळ शिरा मात्र वयाच्या असतात.

प्रश्न : तांब्याचा टंग क्लीनर घेतला, महिन्यात हिरवट झाला. वापरू का?
— वाचक, वाशी

तो हिरवटपणा तांब्यावर चढलेला कळंक आहे, तसाच तोंडात घालू नका. पितळेची भांडी घासतो तसा चिंचेच्या कोळाने आणि चिमूटभर मिठाने घासा, खळखळून धुवा आणि कोरडा पुसून ठेवा. बाथरूमच्या दमट कपाटात, ओल्या ब्रशांच्या पेल्यात उभा राहिला की तो पुन्हा हिरवा होतो. पावसाळ्यात तर आठवड्यातच. एवढी निगा जमणार नसेल तर स्टीलचा घ्या, तेवढाच चांगला साफ करतो. प्लॅस्टिकचा असेल तर ब्रशबरोबर तीन महिन्यांनी बदला. धातूच्या क्लीनरची कड बोटावरून फिरवून बघा, बारीक कूस लागली तर तो टाकून द्या. आणि घरात प्रत्येकाचा वेगळा, नवरा-बायकोचाही.